परक तचट

भिंतीवर कीबोर्डचं भलंमोठं चित्र पडलं होतं आणि प्रशिक्षिका बाई हातातल्या पट्टीने मधल्या ओळीतलं एकेक अक्षर दाखवत म्हणत होत्या, "उजवा हात. माझ्या मागोमाग म्हणा. परक तचट." आणि तक्रार निवारण विभागातली, निवृत्तीला टेकलेली, चष्मे कपाळावर चढवून बसलेली माणसं एका सुरात म्हणाली, "परक तचट." डाव्या हाताच्या वाट्याला नुसत्या काना-मात्रा-वेलांट्या आल्या होत्या, त्या तोंडाने म्हणता येण्यासारख्या नव्हत्या. त्यामुळे डावा हात सगळ्यांनी मनातल्या मनात म्हणावा अशी सूचना होती आणि ती सगळे निष्ठेने पाळत होते, कारण मनातल्या मनात काम करण्याचा प्रत्येकाचा अनुभव दांडगा होता. यापुढे लेखनिक मिळणार नाही, ज्याने त्याने आपली पत्रं आपणच टाइप करायची असं वरून ठरलं होतं. "पुन्हा. आवाज येऊ दे." परक तचट. शेवटच्या ओळीत बसलेल्या दखलसाहेबांचं तोंड 'परक'वर उघडलं ते उघडंच राहिलं. शेजारी बसलेला सहकारी वर्षातला बराच काळ रजेवर असे, म्हणून त्याला सगळे पाहुणे म्हणत. तो हळूच म्हणाला, "काय हो, दाढेत अडकलं का काही?" दखलसाहेबांनी मान हलवली. पडद्यावर प होता, त्याच्या शेजारी र, त्याच्या शेजारी क. एकमेकांना खेटून, बाकावर बसलेल्या तीन भावंडांसारखे. इतके दिवस ते तिथेच होते. कुठल्याही कीबोर्डवर, कोणालाही दिसतील असे.

दखलसाहेबांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं. बाकी सगळे त्याला दखल म्हणत, कारण 'योग्य ती दखल घेण्यात आली आहे' हे वाक्य त्याने रचलं होतं आणि विभागातून बाहेर पडणारं प्रत्येक पत्र गेली कित्येक वर्षं त्या वाक्यावर चाललं होतं. लोक तक्रार करत, हे वाक्य त्यांना जाई. काही लोक गप्प बसत, काही स्मरणपत्र पाठवत, त्यांनाही हेच वाक्य जाई. आपल्या कामाबद्दल त्याला गर्व नव्हता आणि लाजही नव्हती. पाऊस नसतानाही छत्री विकणाऱ्याला जितकी असेल तितकीच आस्था होती. आता मात्र तो वर्गातून उठला, बाईंना "जरा पोट" असं म्हणाला आणि बाहेर येऊन जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. आत परक तचट चालूच होतं. म्हणजे तो शब्द नसेलही, असं त्याच्या डोक्यात आलं. ती फक्त बोटं असतील.

बायको इस्पितळात त्याला शेवटचं जे बोलली ते 'परक' असं होतं. निदान त्याला तसं ऐकू आलं. नर्सला 'पर्स' ऐकू आलं. तिने कपाटातली पर्स काढून बायकोच्या हाताशी ठेवली आणि ती पर्स मग शेवटपर्यंत तिथेच राहिली, जणू काही बाईसाहेबांना मध्येच बाजारात जायचं होतं. परगावच्या लेकीने फोनवर विचारलं, "बाबा, आई काही म्हणाली का?" तेव्हा तो म्हणाला, "तुझी आठवण काढली." पत्र लिहिण्याची सवय असलेल्या माणसाला असली वाक्यं आपोआप येतात. पण रात्रंदिवस कानात राहिला तो 'परक'. परकं. परका. तिचे डोळे उघडे होते, त्याच्यावरच होते. ग्लानीत तिने त्याला ओळखलं नाही, हा सगळ्यात सौम्य अर्थ. दुसरा अर्थ असा की तिने त्याला बरोबर ओळखलं. इतकी वर्षं एका घरात राहून, एका चहाच्या भांड्यातून दोन कप ओतून, शेवटी निघताना या गृहस्थाला काय म्हणावं याचा तिने शांतपणे विचार केला आणि एक शब्द निवडला. शब्द निवडण्यात ती पक्की होती. तिचा शब्द त्याच्या मनात दगडासारखा पडून राहिला आणि त्याच्याआधी आपण स्वतः काय बोललो होतो ते मात्र पार पुसलं गेलं. वॉशिंग मशीनबद्दल काहीतरी होतं. कपाटाच्या किल्लीबद्दल.

ती घरी टायपिंग करी. वकिलांची टिपणं, विद्यार्थ्यांचे प्रबंध, संस्थांची निमंत्रणं आणि विभागात मराठी टंकलेखनाची सोय होईपर्यंत त्याच्या विभागाची पत्रंसुद्धा. आतल्या खोलीत खिडकीकडे पाठ करून बसे आणि तिच्या पुढ्यातला तो करडा कॉम्प्युटर पंख्याचा आवाज करत सुरू राही. घराला तो आवाज इतका सवयीचा झाला होता की तो थांबला की दोघंही दचकून वर बघत. पुन्हापुन्हा येणारी वाक्यं पूर्ण टाइप करायचा तिला कंटाळा, म्हणून तिने यंत्राला संक्षेप शिकवले होते. दोनतीन अक्षरं टाइप करून मोकळी जागा सोडली की अख्खं वाक्य उमटे. 'कलोअ' म्हटलं की 'कळावे, लोभ असावा.' हळूहळू हे संक्षेप यंत्रातून उतरून घरात हिंडायला लागले. सकाळी तो डबा घेऊन निघाला की ती आतूनच ओरडे, "कलोअ!" आणि तो जिन्यातून, "कलोअ, कलोअ." लेक लहान असताना शाळेत बाईंना कलोअ म्हणाली होती आणि पालकांना बोलावणं आलं होतं. मागे एकदा जेवताना ती त्याला म्हणाली होती, "संक्षेप असा हवा की त्याला स्वतःचा काही अर्थ नसेल. नाहीतर एखादा बिचारा साधं काहीतरी लिहायला जायचा आणि त्याच्या तोंडून भलतंच बाहेर पडायचं." तो म्हणाला होता, "आमच्याकडे सगळ्यांचं तसंच होतं, त्याला यंत्र लागत नाही." आणि ती हसली होती, की हसली नव्हती. हे आता जिन्यात उभं राहून ठरवता येईना. तोंडी चालणारे संक्षेप त्याला पाठ होते. पण नुसते बोटांत असलेले, ती खोलीत एकटीच वापरायची ते? परक. मराठीत ज्याला अर्थ नाही. अर्थ लावणारा मी, असं त्याला वाटलं, आणि वर्गात परत न जाता तो तडक घराकडे निघाला.

पलंगाखालून त्याने तो कॉम्प्युटर ओढून काढला तेव्हा त्याच्यावर जुना टॉवेल होता. ती गेल्यानंतर काही दिवसांनी त्याने तो एकदा सुरू करून पाहिला होता. पंखा फिरला नव्हता आणि त्याला त्यात काही नवल वाटलं नव्हतं. घरातल्या बऱ्याच गोष्टी तिच्यामागोमाग बंद पडल्या होत्या. आता त्याने कीबोर्ड मांडीवर घेतला. कळांवर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या होत्या. कडेच्या कळांवर त्या अजून टवटवीत होत्या, ङ आणि ञ तर काल चिकटवल्यासारखे. मधल्या ओळीत मात्र कळा कोऱ्या होत्या. जिथे तिची बोटं सर्वांत जास्त पडली तिथलं अक्षर तिनेच पुसून टाकलं होतं. त्याने आपली तर्जनी एका कोऱ्या कळीवर ठेवली, शेजारच्या कोऱ्या कळीवर सरकवली, मग मधलं बोट टेकवलं. टक, टक आणि टक. आणि त्याच्या हाताच्या पाठीला एकदम गार वाटलं. कारण ती 'परक' म्हणाली तेव्हा तिचा हात त्याच्या हातावर होता आणि तिची बोटं हललेली त्याला आठवत होती. तर्जनी, पुन्हा तर्जनी, मग मधलं बोट. आपल्याला हात बाजूला घ्यायला सांगते आहे असं समजून त्याने तेव्हा हात काढून घेतला होता.

दुरुस्तीच्या दुकानातली बाई त्याच्याच वयाची असावी, पण तिने पहिल्या वाक्यापासून त्याला काका करून टाकलं. "काका, हे काय आणलंत? संग्रहालय पुढच्या चौकात आहे." तिने स्क्रू काढले, बाजूचा पत्रा उघडला. आत धुळीची करडी लोकर साचली होती. बाईने चिमट्याने पंख्याच्या आसातून एक लांब केस ओढायला सुरुवात केली. तो येतच राहिला. तोंडाशी काळा, पुढेपुढे पांढरा. "बायकांच्या घरातले पंखे असेच अडकतात," असं म्हणून तिने तो फडक्याला पुसायला घेतला आणि दखलसाहेब म्हणाले, "राहू दे, द्या इकडे." बाईने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि केस कागदावर ठेवून कागद पुढे सरकवला. तेवढ्याने तिचं बोलणं जरा मऊ झालं. मग तिने मेमरीची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा शाळकरी खोडरबराने खसाखसा घासल्या. खोडरबराने आठवण परत येते हे बघून दखलसाहेबांना, तशाही परिस्थितीत, थोडं हसू आलं. यंत्राने एक शीळ घातली. पंखा फिरला. तो आवाज. दुकानाच्या काउंटरवर हात ठेवून उभ्या असलेल्या माणसाला आपण आतल्या खोलीच्या दारात उभे आहोत आणि आत कोणीतरी पाठ करून बसलं आहे असं इतकं स्पष्ट वाटलं की त्याने मान वळवून बघितलं. मागे एक गिऱ्हाईक फोनची काच दाखवत होतं.

पडद्यावर तारीख आली ती कितीतरी वर्षांपूर्वीची. "घड्याळाचा सेल मेलाय. आता हा आपला जन्मापासून सुरुवात करतो," बाई म्हणाली. त्याच्या खाली, प्रणालीची कुठलीतरी फाइल सापडत नाही, असं लिहून यंत्र थांबलं. "डिस्क फिरतेय. पण चालवणारी प्रणाली सडलीये. ती नव्याने घालावी लागणार. सगळं पुसून घातली तर एकदम स्वच्छ."

"पुसायचं नाही."

"फायली काढून देते ना आधी. काय, फोटो आहेत का?"

"फायली नकोत. तिने काही संक्षेप घातले होते. म्हणजे, थोडं टाइप केलं की पुढचं आपोआप येतं, ते."

बाईने चष्मा काढून गळ्यातल्या दोरीवर सोडला. "तसलं कधी कोणी मागितलं नाही. असेल कुठेतरी कोपऱ्यात. जुन्यावरच नवी बसवली तर जागच्या जागी राहील. राहील बहुतेक. आज ठेवून जा, मी अख्ख्या डिस्कची नक्कल काढते, मग बिनधास्त करू. उद्या या."

सल्ला शहाणपणाचा होता. त्याने तो मान डोलावून ऐकला. आज ठेवून जा, उद्या या. इस्पितळातल्या डॉक्टरांनीही असाच शहाणपणाचा सल्ला दिला होता, आणि त्या उद्याला तो गेला तेव्हा खाटेवर नवी चादर होती. "मी घरीच करतो," तो म्हणाला. बाईने पत्रा बसवता बसवता सुस्कारा सोडला, सीडी दिली आणि दोनदोनदा बजावलं. "नीट ऐका. पहिल्या पाटीवर 'दुरुस्ती' असं दिसेल. ते दाबायचं नाही, ती दुरुस्ती वेगळी. तिथे 'नवीन बसवा' म्हणायचं. मग पुढच्या पाटीवर जुनी प्रत सापडली असं येईल, तिथे 'दुरुस्ती' म्हणायचं. तिथे चुकून 'नवीन' म्हणालात तर मला फोन करू नका, उपयोग नाही."

"म्हणजे आधी नवीन संसाराला हो म्हणायचं आणि मग जुनाच सावरायचा."

"बघा, समजतंय की काकांना."

रविवारी दुपारी तो आतल्या खोलीत बसला. तिच्या खुर्चीवर तो आजवर कधी बसला नव्हता. उशीला मध्ये तिचा खळगा होता आणि त्यात आपण बरोबर मावत नाही हे त्याला चांगलंच जाणवत राहिलं. तो नेहमी येरझाऱ्या घालत मजकूर सांगे, खिडकीपासून दारापर्यंत, आणि ती पाठमोरी टाइप करे. त्यामुळे त्याच्या सगळ्या वाक्यांची लांबी या खोलीएवढी झाली होती, असं ती म्हणायची. ते प्रसिद्ध वाक्य, शेवटी जोडलेल्या दिलगिरीसकट, सांगितलं त्या दिवशी तिने प्रथमच हात थांबवून मान वळवली होती. "'हे कार्यालय दिलगीर आहे' म्हणजे नक्की कोण दिलगीर आहे हो? खुर्च्या का कपाटं?" तो म्हणाला होता, "तसं नसतं ते. अशी पद्धत आहे." "असेल," ती म्हणाली आणि पुन्हा पाठमोरी झाली. ती पाठ त्याने किती बघितली! त्या पाठीला आपण परके होतो का? पाठमोऱ्या माणसाचा चेहरा काय करत असतो हे येरझाऱ्या घालणाऱ्याला कसं कळावं?

फोन वाजला. लेक होती. "बाबा, काय करताय?" "तुझ्या आईचा कॉम्प्युटर लावतोय."  "कशाला? तुम्हाला नवीन लॅपटॉप पाठवते म्हटलं ना मी. त्या डबड्यात काय आहे?" त्याला एकदम सांगून टाकावंसं वाटलं. तुझी आठवण वगैरे काही काढली नव्हती, ती मला परका म्हणाली, निदान मला तसं वाटतं, आणि आता एका सीडीवर ते ठरणार आहे. तो म्हणाला, "टायपिंग शिकतोय. परक तचट." लेक हसली. "आई मलापण तेच शिकवायची. ज्याचा वापर जास्त त्याला बोटाच्या जवळचं घर, असं म्हणायची." मग ती म्हणाली, "बरं बाबा, कलोअ." तिच्या आवाजात ते अगदी सहज आलं. फोन ठेवल्यावर तो रिकाम्या खोलीला म्हणाला, "कलोअ."

पहिली पाटी आली. निळ्यावर पांढरी अक्षरं. 'नवीन बसवा.' त्याने कळ दाबली. बेइमानी करावी तशी, घाईने. दुसरी पाटी यायला वेळ लागला. त्या वेळात खोलीत पंख्याचा आवाज आणि तो, एवढंच होतं. आणि पंख्याच्या आवाजाखाली आणखी एक बारीक आवाज, डिस्क करकरत होती, कोणीतरी दातांत पेन्सिल धरून विचार करावा तसा. मग जुनी प्रत सापडल्याचं यंत्राने कळवलं. दुरुस्ती. त्याने त्यासाठी नेमलेलं अक्षर दाबलं, बोट उचललं आणि दाबलं तेच अक्षर बरोबर होतं का याची खात्री करायला आता फार उशीर झाला होता. एक पट्टी डावीकडून उजवीकडे भरत चालली. ती मध्येच थांबे तेव्हा त्याचाही श्वास थांबे. इस्पितळातल्या पडद्यावरही अशीच एक रेघ होती, तिच्याकडे बघत बसताना तो काहीबाही बोलत राहिला होता. वॉशिंग मशीनचं पाणी जात नाही. किल्ली कुठे ठेवलीस. दूधवाल्याला काय सांगू. आणि मग? त्याच्यानंतर काहीतरी होतं. बोलणं तिथून पुढे गेलं होतं एवढं आठवे, कुठे गेलं ते आठवेना.

यंत्र सुरू झालं तेव्हा सगळं फुगलेलं दिसत होतं, चित्रं ताटाएवढी, मागे सपाट निळा रंग. तिचं काहीच दिसेना. पुसलं, असं त्याच्या मनाने लगेच लिहून टाकलं. मग त्याला डाव्या कडेला तिच्या फोल्डरची नावं दिसली. 'वकील', 'प्रबंध', 'यांचं'. यांचं म्हणजे त्याचं. त्याने लिहायचं पान उघडलं, तीन कोऱ्या कळा दाबल्या आणि पानावर तीन इंग्रजी अक्षरं उमटली, ज्यांना कुठल्याच भाषेत काही अर्थ नव्हता. प्रणाली नवी होती, तिला मराठी येत नव्हतं. सीडीतून मराठी शोधून, सेटिंगच्या जंगलातून वाट काढत ती बसवायला बराच वेळ गेला. खिडकीतलं ऊन टेबलावरून खाली उतरून त्याच्या पावलांवर आलं. मग त्याने पुन्हा हात ठेवला. प. र. क. तिन्ही अक्षरं पानावर उभी राहिली, आणि त्यांच्यापुढे ती बारीक उभी रेघ उघडमीट करू लागली. परक. आता फक्त मोकळी जागा सोडायची होती. काहीच झालं नाही तर तो शब्दच होता. तर ती त्याच्याशी माणसाच्या भाषेत बोलली होती आणि त्याने ते बरोबर ऐकलं होतं. त्याने अंगठा उचलून धरला. तो तसाच कितीतरी वेळ धरून राहिला. मग अंगठाच दमला आणि खाली आला.

'आपली तक्रार मिळाली. तिची योग्य ती दखल घेण्यात आली असून आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल मी दिलगीर आहे.'

तो वाचत राहिला. आणि जे पुसलं गेलं होतं ते आपल्या आपण परत आलं, आधी सूर, मग शब्द. किल्ली झाली, दूधवाला झाला आणि मग तो तिचा हात धरून चिडून म्हणाला होता, "हे काही बरोबर नाही हं तुझं. असं मध्येच उठून जायचं नाही. मला हे अजिबात मान्य नाही." अगदी विभागाच्या खिडकीशी येऊन माणसं बोलतात त्या सुरात. आणि ती त्याच्याकडे बघून, ओठाच्या एका कडेने, म्हणाली होती, परक. हसत होती! मरता मरता त्याची टिंगल करत होती आणि हा ठोंब्या हात काढून घेऊन बसला.

तो हसायला गेला आणि मध्येच थांबला. कारण वाक्यात काहीतरी चुकलं होतं. 'हे कार्यालय' कुठे गेलं? त्याने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मी दिलगीर आहे. मग त्याने 'यांचं' उघडलं, आतलं एक पत्र उघडलं, दुसरं उघडलं. मी दिलगीर आहे. सगळीकडे, पहिल्यापासून. ज्यांच्या तक्रारी निवारण झाल्या नाहीत त्या सगळ्या अनोळखी माणसांची तिने या खुर्चीत पाठमोरी बसून एकटीने माफी मागितली होती. आणि प्रत्येक पत्राखाली सही त्याची होती. सही करताना वाचायची विभागात पद्धत नव्हती.

ऊन गेलं. पंखा चालू होता. तो मागे वळून बघेना, कारण मागे येरझाऱ्या घालणारं कोणीतरी असावं असं त्याला वाटत होतं, आणि ते आपणच असू तर काय, असंही. त्याने नवं पान घेतलं. दखल घेतल्याचं पत्र मिळाल्यावर तक्रारदार पुढे काय करतात हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? डावा हात मनातल्या मनात म्हणत, उजव्याने कोऱ्या कळा चाचपत त्याने एकेक अक्षर शोधलं. 'स्मरणपत्र.' मग खालच्या ओळीवर, बऱ्याच वेळाने, 'महोदया,'. स्वल्पविराम सापडेपर्यंत दोनदा चुकला. पुढे काय लिहावं ते सुचेना. त्याने पानाच्या वरच्या कोपऱ्यात तारीख घातली. यंत्राने ती आपल्याकडची दिली, ज्या वर्षी ती नुकतीच या खुर्चीवर बसायला लागली होती त्या वर्षीची. ती दुरुस्त करायला त्याचं बोट पुढे झालं. मग त्याने ते मागे घेतलं. या तारखेने पत्र वेळेत पोचत होतं.